रुपयाचं अर्धायुष्य

पंचवीस पैशांचं नाणं, म्हणजे आपल्या बोलण्यातले चार आणे, ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. धातू तोच होता, नाण्यावरचा आकडाही तोच. आक्रसत गेली ती त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या वस्तूंची यादी. पैशाने काय आणि किती विकत घेता येतं, त्याला पैशाची क्रयशक्ती म्हणतात. ती कशी घटते ते पाहू.

समजा, किमती दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत आहेत. आज १०० रुपयांना येणारं सामान पुढच्या वर्षी १०६ रुपयांना येईल. त्यानंतरच्या वर्षी मात्र ११२ नव्हे, तर ११२ रुपये ३६ पैशांना. कारण ही वाढ १०६ वर होते. ३६ पैसे किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीची सगळी करामत त्यांच्यात आहे. १२ वर्षांनी तेच सामान २०१ रुपयांना मिळेल. म्हणजे कपाटात जपून ठेवलेल्या शंभराच्या नोटेत आजचं जेमतेम ५० रुपयांचं सामान येईल, आणखी १२ वर्षांनी २५ रुपयांचं. किरणोत्सारी पदार्थांचं अर्धायुष्य आपण वर्गात शिकवतो, त्याच जातीचं हे गणित आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की रुपयाचं अर्धायुष्य अंदाजे मिळतं. २०१६ साली रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचं लक्ष्य ठरवून दिलं गेलं. त्या दराने ते १८ वर्षं येईल. फरक एवढाच, की मूलद्रव्याचं अर्धायुष्य पक्कं असतं. पैशाचं बदलत राहतं. जर्मनीत पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत, नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी!

'महागाईचा दर ८ वरून ४ टक्क्यांवर आला' अशी बातमी वाचून मुलं विचारतात, मग डाळ स्वस्त का झाली नाही? वेग आणि अंतर यांतला फरक सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. गाडीचा वेग कमी झाला आहे, ती मागे आलेली नाही.

आता बचतीकडे वळू. एक लाखाची ठेव ६ टक्के चक्रवाढ व्याजाने १२ वर्षांत दुपटीहून किंचित जास्त होते आणि आपण खूश होतो. पण महागाईही ६ टक्के असेल, तर त्या दोन लाखांत पूर्वीच्या एका लाखाचंच सामान येतं. व्याजावर कर भरावा लागला, तर तेवढंही नाही.

ज्यांचं उत्पन्न गोठलेलं आहे, त्यांचं काय होतं? सरकारी नोकरांना महागाई भत्ता मिळतो. ग्राहक किंमत निर्देशांक वाढला की तोही वाढतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मधल्या खासगी नोकरदारांना ही सोय नाही. त्यांचं किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १००० रुपये ठरलं. महागाई सरासरी ५ टक्के धरली, तर दहा वर्षांनी त्या हजारात २०१४ मधलं ६१४ रुपयांचं सामान येतं. शिवाय निर्देशांक ही सरासरी असते. वृद्धांच्या खर्चात औषधांचा वाटा मोठा. औषधं सरासरीपेक्षा जास्त महागली, तर त्यांच्यापुरता हा आकडा ६१४ च्याही खाली जातो.