वेगात गाडी का थरथरते?

बाजाराला माल नेणारी जीप घ्या, की मुलांना शाळेत पोचवणारी गाडी घ्या. ताशी ४० किलोमीटरपर्यंत ती गुमान चालते. ८० च्या घरात गेली की अंग झाडू लागते. आपण म्हणतो, रस्ताच वाईट! पण चांगल्या डांबरी सडकेवरही थरथर राहिली, तर दोष गाडीत आहे असे समजावे.

पुष्कळदा बिघडलेला असतो तो चाकाचा तोल. रिमच्या आत चिखल वाळून बसला, की एक बाजू जड होते. आता गंमत पाहा. वेग दुप्पट झाला, की या जड बाजूची ओढ चौपट होते. लहान मोटारीच्या रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक असला, तर ताशी ४० वेगाला ती ओढ अर्ध्या किलोची. ८० ला सुमारे दोन किलोची, आणि तीही सेकंदाला बारा वेळा!

गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. सायकल उलटी ठेवून मागच्या चाकाच्या कडेला ओल्या फडक्याची गाठ घट्ट बांधावी आणि मुलांना दूर उभे करून पायडल फिरवावे. सायकल आपोआप नाचू लागेल.

मग दोष नेमका कुठे? स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढची चाके पाहावीत. बैठक थरथरत असेल, तर मागची चाके किंवा इंजिनाचा जोर मागे नेणारा दांडा पाहावा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होते? मग ब्रेकचा ड्रम किंवा तबकडी वाकडी झाली असेल. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवताच थरथर आली, तर चाकांना बोल लावू नये. दोष इंजिनाकडे आहे.

मात्र थरथर एकाएकी सुरू झाली, तर निदान करत बसू नका. गाडी हळूहळू कडेला घ्या. चाकाचे नट ढिले असतील, टायरला फुगा आला असेल. नट आवळता येतात. पण फुगा आलेला टायर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडीत पोरे बसलेली असतात, हे विसरू नका.

एरवी आधी चिखल धुऊन पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर मिस्त्रीला "गाडी हलते" एवढेच सांगू नये. किती वेगाला, कुठे आणि केव्हा हलते, ते सांगावे. अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा खर्च त्यामुळे वाचेल.