बतुकम्मा कुंट्यात पाणी आलं, आता बरकतपुऱ्याच्या अंगणांचं काय?

2025च्या 28 सप्टेंबरला, रविवारी, हैदराबादमधल्या बाग अंबरपेठच्या बतुकम्मा कुंट्यात, म्हणजे तिथल्या छोट्या तलावात, सणाच्या फुलांच्या बतुकम्मा तरंगल्या. मुख्यमंत्री आले, भाषणं झाली, फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याआधी दोनच दिवस मुसी नदीचं पाणी महात्मा गांधी बसस्थानकात घुसलं होतं. मराठवाड्याच्या गाड्या जिथं लागतात तिथंच रात्री प्रवासी अडकून पडले. आणि 28 सप्टेंबर ही मुसीच्या 1908च्या महापुराचीही तारीख. एका आठवड्यात ही सगळी आठवण एकत्र यावी हा योगायोग असेल, पण या शहरात पावसाच्या पाण्याला जायला जागा उरलेली नाही, हे काही योगायोगाने झालेलं नाही.

कुंट्याची हकीगत बरकतपुऱ्यातल्या माणसाने नीट समजून घ्यावी, कारण ती त्याच्या दारातली आहे. 1962-63च्या नोंदींप्रमाणे हा तलाव 14 एकरांचा होता. वर्षानुवर्षं त्यात राडारोडा पडत गेला, कडेने घरं आली, मालकीचा वाद कोर्टात पोचला आणि उरले जेमतेम 5 एकर. तेही झुडपं आणि डेब्रिजने भरलेले. 2025च्या फेब्रुवारीत अतिक्रमणं हटवणाऱ्या 'हायड्रा' या सरकारी संस्थेच्या यंत्रांनी खोदायला सुरुवात केली आणि चार-पाच फुटांवरच पाणी वर आलं. आसपासच्या लोकांना आधी वाटलं की जलमंडळाची पाइपलाइन फुटली. तपासणी झाली तेव्हा ते जमिनीतलंच पाणी निघालं. हायड्राच्या बुलडोझरबद्दल शहरात टोकाची मतं आहेत, आणि ज्यांची घरं गेली त्यांचा राग मला समजतो. पण या 5 एकरांपुरतं सांगायचं तर सुमारे 7 कोटी 40 लाख रुपयांत एक मेलेला तलाव परत मिळाला आहे, आणि हा सौदा मला स्वस्त वाटतो.

पाणी इतक्या वर कसं? सगळं हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलं आहे. सुमारे 250 कोटी वर्षांचा हा खडक स्वतः पाणी पीत नाही. त्याच्या अंगावरचा झिजलेला मुरूम मात्र पितो, आणि खडकातल्या भेगांमधून थोडं पाणी खाली उतरतं. पाऊस मुरमात शिरतो, खालच्या कातळावर थांबतो आणि उताराने जाऊन खोलगट जागी साठतो. जुन्या लोकांनी कुंटे खोदले ते अशाच खोलगट जागा हेरून. याचा दुसरा अर्थ असा की इथली साठवण उथळ आहे. मुरमावर सिमेंट ओतलं की पाणी आत जायची वाट बंद होते, आणि तेच पाणी तासाभरात नाल्यात, नाल्यातून मुसीत पोचतं.

1908च्या पुरानंतर निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच हे गृहस्थ. मुसीच्या पाणलोटात 788 लहानमोठे तलाव होते आणि त्यातले 221 त्या पुरात फुटले, अशी त्यांची नोंद आहे. त्यांच्या सूचनांतून पुढे उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) ही धरणं उभी राहिली. धरणांचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण 788 हा आकडा शहर विसरलं.

आता बरकतपुऱ्याकडे येऊ. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मनमाडच्या रेल्वेने मराठवाडा काचीगुड्याला जोडला आणि माणसं इथं उतरत राहिली. त्यांनी बांधलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या जुन्या घरांना पुढे-मागे मोकळी जागा असायची. एक कडुनिंब, सीताफळाची दोन झाडं, कोपऱ्यात आड, आणि खाली शहाबादी फरशी. ती फरशी सिमेंटने जाम केलेली नसे. दोन फरश्यांच्या मधल्या फटीत गवत उगवायचं आणि त्याच फटीतून पाऊस जमिनीत जायचा. आता भावंडांच्या वाटण्या झाल्या की घर डेव्हलपमेंटला जातं. पाच मजले चढतात, तळाला स्टिल्ट पार्किंग येतं, कंपाउंडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीट होतं. आडावर स्लॅब पडतो आणि त्यावर वॉचमनची खोली उभी राहते. मेमध्ये बोअर आटला की टँकर सुरू.

हिशेब करून पाहा. हैदराबादला वर्षाला सरासरी 80 सेंटिमीटर पाऊस पडतो. तुमची गच्ची 200 चौरस मीटरची धरली तर तिच्यावर वर्षाला 1 लाख 60 हजार लिटर पाणी पडतं. धूळ धुणारं पहिलं पाणी आणि बाष्पीभवन मिळून पाचवा हिस्सा सोडून दिला तरी 1 लाख 28 हजार लिटर उरतं. म्हणजे 5 हजार लिटरचे पंचवीस टँकर. ते आपण पाइपने गटारात सोडतो, आणि मग शंभर किलोमीटरहून लांबून पंप करून आणलेलं कृष्णेचं आणि गोदावरीचं पाणी पार्किंग धुवायला वापरतो. मला हे असह्य वाटतं.

उपाय कुणाला नवा नाही. संयुक्त आंध्रातला पाणी, जमीन आणि झाडांचा 'वाल्टा' कायदा 2002 सालचा आहे, आणि 300 गजांहून मोठ्या जागेत शोषखड्डा असलाच पाहिजे असा जलमंडळाचा आग्रह आहे. खड्डे आहेतही, निदान नकाशावर. पण खड्डा कसा मरतो ते पाहायचं असेल तर एखाद्याचं झाकण उचला. तळाला हाताएवढे दगड, त्यावर मोठी खडी, त्यावर बारीक खडी, सगळ्यात वर जाड वाळूचा थर. खालचं सगळं ठीक असतं. वरच्या वाळूवर मात्र पाचोळा, सिमेंटची भुकटी आणि गाळ यांची पापडी धरलेली असते. ती पापडी पाणी आत जाऊ देत नाही. दर मे महिन्यात वरची वीतभर वाळू काढून धुऊन परत टाकायची, एवढंच काम असतं. दोन मजुरांचं, अर्ध्या दिवसाचं. ज्यांच्याकडे जुना आड शिल्लक आहे त्यांना तर खड्डाही नको. आड उपसून साफ करावा, गच्चीचा पाइप गाळणीतून त्यात सोडावा आणि न्हाणीचं, भांड्यांचं पाणी त्यात चुकूनही जाऊ देऊ नये.

हे इतकं साधं असताना पर्यावरणपूरक इमारत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माधापूरचे काचेचे मनोरे का येतात? खरं तर सुरुवात फार चांगली झाली होती. 2003 साली हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला पर्यावरणपूरक इमारतींचं 'लीड प्लॅटिनम' मानांकन मिळालं. अमेरिकेबाहेरची अशी ती पहिली इमारत. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी तिथं चौक घातले, जाळ्या लावल्या, हवा थंड करणारे वाराबुरूज उभारले, गच्चीवर हिरवळ लावली, सांडपाणी वनस्पतींच्या मुळांकडून शुद्ध करून घेतलं. त्यातलं बरंचसं तुमच्या-आमच्या आजोबांच्या वाड्यातून उचलल्यासारखं आहे. पुढे मात्र दारावरच्या पाट्या वाढत गेल्या आणि चौक-जाळ्या मागे पडल्या. चाळिशी पार करणाऱ्या उन्हात काचेची भिंत उभी करायची, मग भारी एसी बसवून त्याच्या कार्यक्षमतेचे गुण मिळवायचे, याला पर्यावरणपूरक म्हणायला माझं मन तयार नाही.

माझ्या मते या शहरातला खरा धडा अत्तापूरला आहे, आणि तो कोल्हापूरच्या माणसाने दिला आहे. संकटात सापडलेल्या प्राणिजातींवर संशोधन करणारी, सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची 'लॅकोन्स' ही प्रयोगशाळा वास्तुविशारद शिरीष बेरी यांनी आखली. 2007 साली तेव्हाचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ती सुरू झाली. जागा खडकाळ होती, प्रचंड गोलाकार ग्रॅनाइट शिळांनी भरलेली. हैदराबादेत अशा जागेचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: आधी सुरुंग, मग सपाटीकरण, मग नकाशा. इथले खडक वाचावेत म्हणून 1996पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' झगडते आहे, तरी सुरुंग थांबलेले नाहीत. बेरींनी क्रम उलटा केला. खडक आहेत तिथंच राहतील असं आधी ठरवलं आणि इमारत त्यांच्या कलाने वळवली. प्रयोगशाळेसारखी काटेकोर, यंत्रांनी भरलेली इमारत जर शिळांसाठी वाकू शकते, तर दहा फ्लॅटची अपार्टमेंट एका कडुनिंबासाठी का वाकू शकत नाही? खांबांची ओळ चार फूट सरकवली की झाड वाचतं. स्टिल्टमधली एक गाडी बाहेर उभी राहिली की आड वाचतो. आर्किटेक्टला हे जमतं, त्याला सांगणारा मालक मात्र लागतो.

उन्हाचीही गोष्ट याच जातीची आहे. तेलंगणाने 2023 साली कूल रूफ धोरण आणलं, 2030पर्यंत 300 चौरस किलोमीटर छपरं ऊन परतवणारी करायची असं ठरवलं. त्याआधी 2017 साली देवरकोंडा बस्तीत 25 घरांच्या छपरांवर पांढरं आवरण घालून पाहिलं होतं, तेव्हा घरातलं तापमान सरासरी 2 अंशांनी उतरलं. एवढा चांगला अनुभव असूनही 600 गजांपेक्षा लहान जागेवरच्या घरांना सरकारने हे ऐच्छिक ठेवलं. मध्यमवर्गीय वस्तीतला सर्वसाधारण प्लॉट दोनशे-तीनशे गजांचा, म्हणजे बरकतपुऱ्यासारख्या वस्त्या बहुतांशी धोरणाबाहेरच राहिल्या. मला ही चूक वाटते. ती दुरुस्त होईपर्यंत वाट पाहायची मात्र गरज नाही, कारण पांढऱ्या चायना मोझॅकला किंवा चुन्याच्या दोन हातांना कुणाची परवानगी लागत नाही.

दसरा झाला की सोसायट्यांच्या सभा लागतात. रंगकाम आणि लिफ्टच्या विषयांबरोबर आणखी तीन विषय अजेंड्यावर घ्या: शोषखड्ड्याची वाळू, बुजवलेला आड आणि गच्चीचा पांढरा थर. ज्यांचं जुनं घर डेव्हलपमेंटला जाणार आहे त्यांनी करारावर सही करण्याआधी बिल्डरकडून एवढं लिहून घ्यावं की कंपाउंडच्या आतली निदान एका बाजूची जमीन उघडी राहील. नंतर ती कुणी उघडून देत नाही.