विश्लेषण : मोबाइलवर लघुपट करता येतो, मग विद्यार्थी अडतात कुठे?

महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस आले, की जिन्यात, गच्चीवर, बसथांब्यावर मोबाइल धरून चित्रीकरण करणारी मुले-मुली दिसू लागतात. माध्यमशास्त्राच्याच नव्हे, तर मराठी, समाजशास्त्र, पर्यावरण अशा विषयांच्या विद्यार्थ्यांनाही आता प्रकल्प म्हणून लघुपट करायला सांगितले जाते. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही यातले अनेक लघुपट अर्धवट राहतात किंवा ‘चित्र छान, पण काही ऐकू येत नाही’ या शेऱ्यावर संपतात. असे का होते आणि या खटाटोपात विद्यार्थी नेमके काय शिकतात, याचा हा आढावा.

मोबाइलचा कॅमेरा खरेच पुरेसा आहे का?

चित्रापुरते बोलायचे तर हो. शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ हा २०१५ मधील चित्रपट आयफोन ५ एस या मोबाइलवर चित्रित झाला आणि सनडान्स महोत्सवात गाजला. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी ‘अनसेन’ (२०१८) आणि ‘हाय फ्लाइंग बर्ड’ (२०१९) हे चित्रपट आयफोनवरच केले. आजचे मध्यम किमतीचे मोबाइलही त्या काळातील आयफोनपेक्षा मागे नाहीत.

मात्र या उदाहरणांतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ‘टँजरिन’ची दृश्ये मोबाइलवर टिपली गेली, पण ध्वनिमुद्रण वेगळ्या व्यावसायिक सामग्रीवर झाले. मोबाइलने चित्राचा प्रश्न सोडवला. आवाज, फायलींची व्यवस्था, संकलन, हक्क आणि कामाची वाटणी हे प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहेत. विद्यार्थी अडतात ते इथेच.

चित्रीकरणात पहिली अडचण कोणती?

एक उदाहरण घेऊ. समजा, पाच विद्यार्थी एका आजीच्या स्वयंपाकघरात दहा मिनिटांचा लघुपट करत आहेत. दोन मोबाइल आहेत आणि छताजवळ जुनी ट्यूबलाइट आहे. घरी येऊन पाहतात तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात.

याचे कारण विजेत आहे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे टिपत असेल आणि शटरचा वेग १/६० सेकंद असेल, तर विजेचा आणि कॅमेऱ्याचा ताल जुळत नाही व पट्टे दिसू शकतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवले, की प्रत्येक चित्रात प्रकाशाची दोन पूर्ण आवर्तने येतात आणि पट्टे जातात. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात हे नियंत्रण नसेल, तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखी मोफत अॅप त्यासाठी आहेत, मात्र ती सगळ्याच मोबाइलवर चालतात असे नाही.

दुसरी गोष्ट, दोन्ही मोबाइलवर मांडणी सारखी हवी. एकावर २५ आणि दुसऱ्यावर ३० चित्रे, एकावर प्रकाशाचा रंग ‘ऑटो’ आणि दुसऱ्यावर पक्का, असे झाले तर एकाच खोलीतली दोन दृश्ये दोन घरांतली वाटतात. आणि मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवणे विसरले, तर ऐन संवादात कुणाचा तरी फोन येतो आणि मुद्रण थांबते.

आवाजाला एवढे महत्त्व का?

किंचित धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, न कळणारा संवाद सहन करत नाही. मोबाइलचा माइक जवळ-लांब असा भेद फारसा करत नाही. आजी चार हातांवर बसून बोलत असेल, तर तिच्या आवाजाइतकाच फ्रीज, पंखा आणि शेजारचा कुकर ऐकू येतो.

यावर उपाय खर्चिक नाही. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक दुसऱ्या मोबाइलला जोडून तो आजीच्या पदराआड ठेवला, तर फरक लगेच कळतो. माइक नसेल तर तो दुसरा मोबाइलच चौकटीबाहेर, पण तोंडाजवळ ठेवावा. दृश्याच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. टाळीचे चित्र आणि तिचा आवाज जुळवला, की पुढचे सगळे जुळते.

इथे तीन सवयी कामाला येतात. आवाजाची पातळी दर्शवणारी पट्टी शून्याला टेकू द्यायची नाही, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची, कारण डिजिटल मुद्रणात फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. मुद्रण ४८ किलोहर्ट्झवर करायचे, कारण चित्रफितींसाठी तेच प्रमाण आहे. आणि काम संपल्यावर कुणीही न बोलता त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करायची. संकलनात दोन संवादांमधली पोकळी भरायला तीच लागते.

एवढे करूनही आवाज हळूहळू चित्राच्या मागे-पुढे सरकू लागला, तर दोष कानांचा नाही. बरेच मोबाइल प्रकाशानुसार चित्रांचा वेग किंचित बदलत राहतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर वेगाची करून घेतली की हा प्रश्न बहुधा सुटतो.

चित्रीकरण झालेले फुटेज हरवते कसे?

साधा हिशेब करू. आयफोनच्या सेटिंगमध्ये दिलेल्या आकड्यांनुसार सेकंदाला ३० चित्रे धरली, तर १०८० पी दर्जाच्या एका मिनिटाला सुमारे ६० एमबी जागा लागते, ४के दर्जाला सुमारे १७० एमबी. तीन तासांचे चित्रीकरण म्हणजे पहिल्यात ११ जीबी, दुसऱ्यात ३० जीबीहून अधिक. दुसऱ्या दिवशी मोबाइल ‘जागा शिल्लक नाही’ म्हणतो आणि घाईघाईत काहीतरी पुसले जाते.

मग फुटेज व्हॉट्सॲपवरून पाठवले जाते. साध्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत व्हॉट्सॲप दाबून लहान करते आणि तपशील कायमचा जातो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ दर्जा टिकतो, मर्यादा २ जीबीची. पेनड्राइव्हवर मोठी फाइल चढत नसेल, तर त्यात बिघाड असेलच असे नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल तो घेत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यावर घेतो. मात्र फॉरमॅट करताना आतले सगळे पुसले जाते, हे आधी लक्षात घ्यावे.

व्यावसायिक लोक ३-२-१ हा नियम पाळतात. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ लॅपटॉप, हार्डडिस्क आणि एका मित्राच्या घरचा संगणक किंवा क्लाउड. तीन प्रती झाल्याची खात्री होईपर्यंत मोबाइलमधले काही पुसायचे नाही. आजी पुन्हा तेच, तसेच बोलणार नाही.

संकलनाला महागडे सॉफ्टवेअर हवे का?

नाही. डा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्यांच्या गरजेपेक्षा जास्तच देते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, आवाजासाठी ऑडॅसिटी आहे. अडचण लॅपटॉपच्या ताकदीची असते. त्यासाठी ‘प्रॉक्सी’ म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करायचे आणि शेवटी मूळ फायली जोडायच्या.

मराठी लघुपटांपुढे आणखी एक खास अडचण येते. श्रेयनामावलीत ‘प्रकाश’ लिहावे तर ‘प्’ आणि ‘रकाश’ वेगळे दिसतात, वेलांट्या जागा सोडतात. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. उपशीर्षकांची फाइल युनिकोडमध्ये टंकलेली आणि यूटीएफ-८ या स्वरूपात जतन केलेली हवी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले संवाद पडद्यावर निरर्थक चिन्हांसारखे उमटतात. पूर्ण फाइल तयार करण्याआधी दहा सेकंदांचा तुकडा काढून दुसऱ्या मोबाइलवर पाहिला तर हा मनस्ताप टळतो.

आवडते गाणे वापरले तर काय बिघडते?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ शिक्षणासाठी काही सवलती देते. पण त्या वर्गातील अध्यापन आणि शिक्षक, विद्यार्थी, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुरत्या आहेत. तोच लघुपट यूट्यूबवर चढवला किंवा महोत्सवाला पाठवला, की सवलतीचा आधार राहत नाही. ‘३० सेकंदांपर्यंत चालते’ असा नियम कायद्यात कुठेही नाही. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा काही सेकंदांचे गाणेही ओळखू शकते.

परंपरागत ओव्यांवर कुणा एकाचा हक्क नसतो, पण त्यांच्या एखाद्या ध्वनिमुद्रणावर असू शकतो. म्हणून बाजारातली ध्वनिफीत उचलण्यापेक्षा त्याच आजीकडून ओवी म्हणवून घेणे कायद्याने सुरक्षित आणि लघुपटासाठीही अधिक चांगले. तिची लेखी संमती मात्र घ्यावी. पडद्यावर लहान मूल असेल तर पालकांची.

एआय असताना हे सगळे शिकायची गरज काय?

एआयची साधने पार्श्वभूमीतला गोंगाट कमी करतात, संवाद टंकून देतात, उपशीर्षकांचा कच्चा मसुदा करतात. वेळ वाचतो, हे खरे. पण ग्रामीण बोलीतला शब्द प्रमाण भाषेत ‘सुधारला’ गेला तर ते ओळखायला माणूसच लागतो. गोंगाट काढताना आजीच्या आवाजातला कंपही निघून गेला, हे कळायलाही मूळ आवाज कसा होता ते ठाऊक असावे लागते.

या प्रक्रियेत सगळ्यांना शिकायला मिळते का?

सर्वांत मोठी अडचण इथे आहे. बहुतेक गटांत ज्याचा लॅपटॉप, त्याचाच लघुपट होतो. तो एकटा रात्रभर जागतो आणि बाकीचे चौघे श्रेयनामावलीत नावापुरते उरतात. मुली बऱ्याचदा अभिनय आणि वेशभूषेपुरत्या ठेवल्या जातात, माइक आणि टाइमलाइन त्यांच्या हाती येत नाही.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे उदाहरण इथे बोलके आहे. २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात प्रथम पारितोषिक मिळवणारा चिदानंद नाईक यांचा ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ हा १६ मिनिटांचा लघुपट संस्थेच्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमातला वर्षअखेरचा प्रकल्प होता. दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी या चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन तो केला. प्रत्येकाचे काम ठरलेले आणि प्रत्येकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून.

साध्या महाविद्यालयातही हे जमू शकते. मुख्य लघुपटाआधी दोन-दोन मिनिटांचे छोटे सराव घ्यावेत आणि प्रत्येक सरावात कामे फिरवावीत. गुण देताना शिक्षकांनी फक्त लघुपट न पाहता प्रत्येकाची कामाची वही पाहावी. काय बिघडले, का बिघडले, कसे निस्तरले?

शिकण्याची ही पद्धत नवी आहे का?

अजिबात नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी थेट ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अनेक दिवस एकेक चौकट टिपून चित्रित केली. कॅमेरा कसा चालतो हे त्यातून त्यांना कळले आणि पैसे देणाऱ्यांचा विश्वासही बसला. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी घरातच शिकून केली.

साधने बदलली, क्रम बदललेला नाही. आधी छोटे काही करून पाहायचे, चुकायचे, चूक कुठे झाली ते शोधायचे आणि काम वाटून घ्यायचे. मोठ्या लघुपटाची तयारी करणाऱ्या गटाने या रविवारी दोन मिनिटांचा एक सराव करून पाहावा. फक्त या वेळी माइक त्याच्या हाती द्यावा, ज्याने तो आजवर धरलेला नाही.