कप्पा की टॅग?

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथालयात एकाच जागी असते : आत्मचरित्रांच्या कपाटात. डिजिटल सूचीत मात्र त्याला ‘स्त्रीजीवन’, ‘धर्मांतर’, ‘नाशिक’ असे कितीही टॅग लावता येतात.

● १८७६ : मेल्विल ड्युई यांचे दशांश वर्गीकरण, प्रत्येक विषयाला ठरलेला क्रमांक.
● १९३३ : एस. आर. रंगनाथन यांचे कोलन वर्गीकरण. विषयाचे पैलू सुटे करून जोडण्याची सोय.
● २००४ : जीमेलमध्ये फोल्डरऐवजी लेबले, एका मेलला अनेक.
● २००७ : क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅग सुचवला.

टॅगची अडचण : ‘पाऊस’, ‘पावसाळा’, ‘मॉन्सून’ असे वेगवेगळे टॅग पडले, की एकाच विषयाची माहिती विखुरते.

हे करा : कप्पे मोजकेच ठेवा. टॅगचे शब्द आधी ठरवा आणि तेच वापरा.