चौसष्ट माणसांचा कारभार

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला टेकून, लव्हिंग नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडं कमी. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती भरली ६४. देशातल्या सगळ्या काउंट्यांत सर्वांत कमी. आपल्याकडे वाडीवरच्या लग्नात पहिल्याच पंगतीला याहून जास्त पानं मांडली जातात. पण या चौसष्ट जणांना स्वतःचं कोर्टहाउस आहे, शेरिफ आहे, क्लार्क आहे, काउंटी जज आहे आणि चार कमिशनर आहेत. सगळे मतं मिळवून आलेले.

टेक्सासची राज्यघटना १८७६ ची. राज्यातल्या २५४ काउंट्यांना तिने जवळपास एकच साचा लावला. ह्यूस्टन जिच्यात येतं त्या हॅरिस काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये ४७ लाखांवर होती. तिलाही शेरिफ एकच आणि लव्हिंगलाही एकच. फरक पडतो तो एका माणसाच्या डोक्यावर किती टोप्या बसतात यात. वस्ती ८,००० च्या खाली असेल तर काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क ही दोन पदं एकाच व्यक्तीकडे येतात. १०,००० च्या खाली असेल तर शेरिफ हाच करवसुली अधिकारी होतो. म्हणजे लव्हिंगमध्ये चोरीची तक्रार ज्याच्याकडे द्यायची, त्याच्याकडेच मालमत्ता कर भरायचा आणि गाडीची वार्षिक नोंदणीही त्याच्याच कचेरीतून करून घ्यायची. काउंटी जज हा नावाने न्यायाधीश असला तरी वकील असलाच पाहिजे असं नाही. चार कमिशनरांसोबत त्याची जी ‘कमिशनर्स कोर्ट’ भरते, ती रस्ते आणि अंदाजपत्रक ठरवते. तिथे खटले चालत नाहीत. आपल्या जिल्हा परिषदेची स्थायी समिती डोळ्यांसमोर आणावी. आणि माणूस अचानक दगावला तर मरणाची चौकशी करून कारण ठरवतो तो ‘जस्टिस ऑफ द पीस’. तोही निवडून आलेला आणि बहुतेकदा डॉक्टर नसलेलाच.

या काउंटीचा जन्म फसवणुकीतला आहे. १८८७ मध्ये टॉम ग्रीन काउंटीतून हा मुलूख कापून काढला आणि पेकॉस नदीकाठी जखमी होऊन पुढे मेलेल्या ऑलिव्हर लव्हिंग या गुरांच्या व्यापाऱ्याचं नाव त्याला दिलं. १८९० च्या जनगणनेत इथे माणसं होती तीन. तरी १८९३ मध्ये कालवा काढायला निघालेल्या एका कंपनीच्या लोकांनी पुरेशा मतदारांच्या सह्यांचा अर्ज करून काउंटी स्थापली, निवडणूकही घेतली. हे मतदार आले कुठून, हा प्रश्न उठायला वेळ लागला नाही. १८९७ मध्ये विधिमंडळाने काउंटी मोडून शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडून टाकली. पुढे तेल लागलं, माणसं आली आणि १९३१ मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. टेक्सासमध्ये दोनदा स्थापन झालेली ही एकमेव काउंटी. मुख्य ठिकाण मेंटोन, तिथलं विटांचं कोर्टहाउस १९३५ चं.

या इतिहासाचा दस्त शोधणाऱ्याला आजही ताप होतो. १९३१ च्या आधीचं काही पाहायचं तर मेंटोनहून तीस-पस्तीस किलोमीटरवरचं पेकॉस गाठून रीव्ह्ज काउंटीच्या वह्या उघडाव्या लागतात. सरकारी दप्तर माणसाच्या नाही, हद्दीच्या मागे जातं. ग्रामीण काउंटीत काही शोधायचं तर पहिला प्रश्न हाच: त्या साली ही जमीन कोणत्या काउंटीत होती?

आता क्लार्कच्या कचेरीकडे वळू. माझ्या मते काउंटीचा खरा प्राण तिथे आहे. शेरिफचा बिल्ला चित्रपटांनी मोठा केला एवढंच. जमिनीची खरेदीखतं, गहाणखतं, तेलाचे भाडेपट्टे, मृत्युपत्रांची प्रकरणं, विवाह परवाने, गुरांच्या डागांच्या खुणा, सगळं क्लार्कच्या ताब्यात. यातल्या बहुतेक वह्या कोणीही उठून मागाव्यात, कोणी ‘कशाला हवं’ म्हणून विचारणार नाही. नक्कल हवी तर पानाला एक डॉलर.

मात्र वह्या समोर आल्या की आपला माणूस गडबडतो. आपल्याकडे तलाठ्यापुढे उभं राहिलं की पहिला सवाल येतो, ‘गट नंबर काय?’ सातबारा जमिनीच्या नावाने लावलेला असतो; मालक बदलले तरी गट जागचा हलत नाही. दुय्यम निबंधकाकडचा आपला ओळखीचा ‘इंडेक्स टू’ही मिळकतीवर बेतलेला. टेक्सासची वही चालते ती माणसांच्या नावांवर. एक सूची देणाऱ्यांची, एक घेणाऱ्यांची. म्हणजे आपला फारसा कोणी न मागणारा ‘इंडेक्स वन’ तिथे राजा आहे. आजच्या मालकाचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं, त्याला कोणी दिली ते पाहायचं, मग त्या देणाऱ्याला घेणाऱ्यांत शोधायचं, आणि असं एकेक पायरी उतरत मूळ सरकारी पट्ट्यापर्यंत जायचं. मध्ये एखादी बाई लग्नानंतर नाव बदलून गेली, एखाद्या कारकुनाने आडनावात एक अक्षर कमी लिहिलं, की साखळी तुटते. तुटलेली कडी वारसाच्या प्रकरणात सापडते, कधी शेजारच्या काउंटीत, कधी सापडतच नाही.

लव्हिंगमध्ये मूळ पट्टाही सरळ नाही. १८४५ मध्ये अमेरिकेत सामील होताना टेक्सासने आपल्या सरकारी जमिनी स्वतःकडे ठेवल्या, आणि रेल्वे बांधून घेण्यासाठी त्या मोकळ्या हाताने वाटल्या. टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वेच्या नावाने या भागाची मोजणी झाली: ६४० एकरांचा एक चौकोन रेल्वेला, शेजारचा राज्याच्या शाळा निधीला. इथल्या दस्तांत आजही त्या रेल्वे मोजणीचे ब्लॉक आणि सेक्शन क्रमांक येतात.

आणि जमीन एकाची, तिच्याखालचं तेल दुसऱ्याचं, हा प्रकार तर आपल्याला अजिबात पचत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाने खनिजाचा हक्क सरकारचा; शेतकरी विहीर खोदेल, तेल निघालं तर त्याचं नाही. टेक्सासमध्ये ते खाजगी मालमत्ता आहे आणि ते वेगळं काढून विकता, राखता, वाटता येतं. समजा एखाद्याने १९३० च्या दशकात रान विकताना अर्धा खनिज हक्क स्वतःकडे ठेवला. त्याला चार मुलं, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. त्यातल्या एकाला तीन मुलं, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश. हे चोविसांशवाले आज कुठे ओरेगनमध्ये, कुठे फ्लोरिडात, आणि आपल्या नावावर काही आहे हे त्यांच्या गावीही नाही. हिश्श्यांची ही आणेवारी जुळवणारा एक धंदाच तिथे आहे. त्याला लँडमन म्हणतात. आपल्याकडे बँकेच्या कर्जासाठी वकील तीस वर्षांचा सर्च काढतो; लँडमन सव्वाशे वर्षांचा काढतो. पर्मियन खोऱ्यात आडव्या खोदाईचं तेल उसळलं, लव्हिंग राज्यातल्या सर्वाधिक तेल देणाऱ्या काउंट्यांत जाऊन बसली, आणि अशा आडगावच्या कोर्टहाउसांत गावकऱ्यांपेक्षा वह्या चाळणारे परके जास्त दिसू लागले.

क्लार्क यात काय करतो? नोंदवतो, जपतो आणि दाखवतो. दस्त खरा की खोटा, विकणाऱ्याचा हक्क होता की नव्हता, हे तो तपासत नाही, आणि कायदेशीर सल्ला देणं त्याला वर्ज्य आहे. नोंद झाली की सगळ्या जगाला कळलं असं कायदा धरून चालतो. तुम्ही पाहिलं नसेल तर तो तुमचा दोष. आपण सातबाऱ्याला मालकीचा अखेरचा शब्द समजतो, तोही तसा नाहीच. पण सातबाऱ्यामागे निदान फेरफाराची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची सही असते. तिथे तेवढंही नाही, म्हणून खाजगी टायटल विमा कंपन्यांचं फावलं.

क्लार्क आणि शेरिफ यांचं काम कुठे जुळतं हे पाहायचं तर मोकाट गाय घ्यावी. रस्त्यावर बेवारस जनावर सापडलं की शेरिफला कळवायचं. तो ते ताब्यात घेतो, अंगावरचा डाग पाहतो आणि क्लार्ककडच्या डागांच्या वहीत मालक शोधतो. मालक सापडला तर खर्च वसूल करून जनावर परत. नाही तर जाहिरात, आणि मग लिलाव. ही सगळी नोंद पुन्हा क्लार्कच्या दप्तरी. आपला ग्रामपंचायतीचा कोंडवाडा आणि पोलीस पाटील एकत्र केले की हे चित्र होतं. डाग कोणाचा हे क्लार्ककडे नोंदवलेलं असावं लागतं आणि दर दहा वर्षांनी ती नोंद नवी करावी लागते. २०२१ मध्ये केली नसेल तर तो डाग दुसरा कोणीही स्वतःच्या नावाने नोंदवू शकतो.

कर्ज थकलेल्या घराचा लिलावही याच इमारतीशी बांधलेला. महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात, कोर्टहाउसला. नोटीस किमान एकवीस दिवस आधी कोर्टहाउसच्या दाराशी डकवायची आणि क्लार्ककडे दाखल करायची. इतकं सगळं संगणकावर गेलं तरी हा मंगळवार हललेला नाही. चावडीवरची दवंडी तिथे अजून जिवंत आहे म्हणायची.

शेरिफ म्हटलं की मुंबईकराला आपले नगरपाल आठवतील. दिलीपकुमार होते, सुनील गावसकर होते. वर्षभराचा मान, पाहुण्यांचं स्वागत, अधिकार शून्य. इंग्रजांनी तेच पद दोन्हीकडे नेलं. आपल्याकडे त्याची शोभा झाली, टेक्सासमध्ये त्याच्या कमरेला पिस्तूल आलं. लव्हिंगच्या एका शेरिफने मात्र तेही बाळगलं नाही. एडना रीड क्लेटन ड्यूईस, १९४५. टेक्सासमध्ये निवडून आलेली पहिली महिला शेरिफ. (तिच्या आधी १९१८ मध्ये एमा बॅनिस्टर कोलमन काउंटीची शेरिफ झाली होती, पण ती नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची उरलेली मुदत पुरी करण्यासाठी.) एडनाने कारकिर्दीत पिस्तूल बाळगलं नाही आणि अटका केल्या त्या दोनच, असं तिच्याबद्दल सांगतात.

शेरिफला वर साहेब नाही. त्याची बदली होत नाही, कोणी पोलीस महासंचालक त्याला हुकूम सोडत नाही. राज्याचे पोलीस आणि त्यांच्यातलेच टेक्सास रेंजर हे मदतीला येतात, वरिष्ठ म्हणून नाही. चार वर्षांनी मतदारच काय तो हिशेब करतात. हे ऐकायला फार छान वाटतं. पण जिथे सारी मतं शंभराच्या आसपास, तिथे एकेका घराण्याचं वजन किती होत असेल याचा विचार करावा. लव्हिंगमध्ये मतदारयादीतली नावं जनगणनेतल्या डोक्यांपेक्षा जास्त निघाली, खरा रहिवासी कोण यावरून निवडणुकांचे वाद कोर्टात गेले. भावकीचं राजकारण आपण पेटंट घेतल्यासारखं आपलंच समजतो, ते काही खरं नाही.

शेरिफच्या कागदांचं दार क्लार्कच्या दारासारखं सताड उघडं नसतं. तिथे लागतो टेक्सासचा सार्वजनिक माहिती कायदा, १९७३ चा. शार्पस्टाउन शेअर घोटाळ्यात राज्याचे बडे पुढारी अडकले, त्या संतापातून तो आला. आपला माहिती अधिकार २००५ चा. मागणी लेखी करायची. कारण विचारायला कचेरीला मनाई, जशी आपल्याकडेही आहे. साध्या कागदाला पानामागे दहा सेंट. फरक मोठा एकच, आणि तो मला फार आवडतो. माहिती नाकारायची असेल तर बहुतेक वेळा कचेरीला कामकाजाच्या दहा दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो. अपिलाचे हेलपाटे नागरिकाने घालायचे नाहीत, लपवणाऱ्याने घालायचे.

तरी पोलिसी कागदांत पळवाटा आहेत. गुन्हा काय, कुठे, अटक कोणाला, थोडक्यात हकीकत काय, इतकी मूलभूत माहिती द्यावीच लागते. त्यापलीकडचं तपास चालू असेतो रोखता येतं. आणि प्रकरण शिक्षेविना मिटलं तर त्यानंतरही रोखता येतं. यात सर्वांत जाच होतो तो पोलीस कोठडीत मेलेल्यांच्या घरच्यांना: आरोपीच मेला, शिक्षा होणारच नाही, म्हणून कागदही नाही. ही तरतूद बदलावी म्हणून तिथले लोक विधिमंडळात अनेकदा गेले आहेत. न्यायालयाचे कागद तर या कायद्याखाली येतच नाहीत. ते क्लार्ककडे वेगळ्या नियमांनी मागायचे. जन्माची नोंद ७५ वर्षं आणि मृत्यूची २५ वर्षं सर्वांसाठी खुली होत नाही; त्याआधी ती जवळच्या नातलगांनाच मिळते.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथे आज मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि शहरापासून दूर रान घेण्याची हौसही आहे. त्यांच्यासाठी एवढंच: विकणारा जे छापील पत्रक हातात देईल त्यावर सौदा करू नका. जमीन ज्या काउंटीत आहे तिथल्या क्लार्ककडे जा. तुम्ही राहता त्या काउंटीत काही सापडणार नाही. विकणाऱ्याचं नाव दोन्ही सूच्यांत बघा, आडनावाची सगळी स्पेलिंगं तपासा, आणि खनिज हक्क आधी कोणी राखून ठेवलाय का हे शोधा. स्वतः जमत नसेल तर त्याच गावचा लँडमन किंवा वकील गाठा. कुंपणाच्या आत शेजाऱ्याची गुरं दिसली तर शेरिफला फोन करा, परस्पर हाकलू नका. आणि क्लार्कच्या खिडकीवर जाताना सुटे डॉलर न्या, पानं अपेक्षेपेक्षा जास्त निघतात.