जुना लेथ घ्यायचाय? रंग नाही, बेड बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय एका मेसेजवरून ठरला. सातपूरच्या आयटीआयमधून टर्नर ट्रेड केलेला आपला एक श्रोता लिहितो, "दादा, घरीच जॉबवर्क सुरू करायचंय. साडेचार फुटी लेथ बघितलाय, ऐंशी हजार म्हणतायत. नवीन रंग मारलाय, एकदम चकाचक. उद्या पाच हजार टोकन देऊ का?"

मी लगेच कळवलं, देऊ नकोस. हे वाचून मग जा.

आधी माझी ओळख. मी दिवसा कोड लिहितो. बीटेक केलं, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हात मोजून चार वेळा लागला असेल. द्वारकेला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, दहा बाय बारा. तिथे एक लेथ, एक बेंच ड्रिल आणि एक ग्राइंडर आहे. तिन्ही जुने. घेताना प्रत्येक वेळी गल्लीतले एक निवृत्त टर्नर काका सोबत होते. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

नाशिककरांना एक फायदा आहे. सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या छोट्या शॉपमध्ये सीएनसी आले, आणि हाताने चालवायचे लेथ कोपऱ्यात गेले. मग जागा मोकळी करायची म्हणून ते विकले जातात. पूर्वी असा माल शोधायला लोक सरळ अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जायचे. २०१७ मध्ये महापालिकेने तिथे मोठी मोहीम काढून दुकानं हटवली. हल्ली शोध मोबाइलवर सुरू होतो, आणि मोबाइलवर दिसतो तो फक्त रंग. मी तर म्हणेन ताजा रंग दिसला की थोडं सावध व्हा. तेलकट, कळकट पण चालू मशीन मला जास्त प्रामाणिक वाटतं.

मग बघायचं काय? काकांचा नियम सोपा आहे: जे बदलता येत नाही ते आधी बघ, बदलता येतं ते नंतर. बेल्ट, मोटर, चक, स्विच हे सगळं बाजारात मिळतं. बेड मिळत नाही.

बेड म्हणजे खालचा बिडाचा लांब पाया, ज्याच्यावर कॅरेज सरकतं. बहुतेक कामं छोटी असतात, म्हणून कॅरेज वर्षानुवर्षं चकजवळच्या फूटभर जागेतच पुढे-मागे होत राहतं. तेवढाच भाग झिजतो. टेलस्टॉककडचा भाग नव्यासारखा राहतो. असा बेड बाहेरून सरळ दिसतो, पण कॅरेज त्या खळग्यात गेलं की टूलची जागा हलते आणि जॉबचा डायमीटर बदलतो. दोन इंचाचा जॉब कसाबसा बसेल, पण लांब शाफ्ट हातचा गेला.

तपासायला काही लागत नाही. बेडवरचं तेल पुसा. जिथून कॅरेज सरकतं आणि जिथे ते कधीच पोचत नाही, त्या सीमेवर नख आडवं फिरवा. पायरी लागली, नख अडकलं, की झीज आहे. मग कॅरेज चकजवळ आणा, कॅरेज लॉक हळूहळू आवळा, इतकाच की ते जरा जड सरकेल. आता तसंच टेलस्टॉककडे न्या. बेड चांगला असेल तर दोन्हीकडे सारखंच जड लागेल. पुढे जाऊन कॅरेज अडकलं, तर चकजवळ बेड खाल्लेला आहे. रंगाने ही गोष्ट झाकता येत नाही.

बेड ग्राइंडिंग करून मिळतं, हे खरं. पण त्यासाठी मशीन पूर्ण उघडायचं, बेड न्यायचा, आणि ग्राइंड झाल्यावर बेड खाली गेला म्हणून कॅरेज आणि लीडस्क्रूची उंची पुन्हा जुळवायची. स्वस्तातल्या लेथला हा खर्च मशीनच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

दुसरं, स्पिंडल. यासाठी डायल गेज न्या, नसेल तर कोणाकडून तरी उसना घ्या. स्पिंडलच्या आतल्या टेपरवर टेकवून हाताने सावकाश फिरवा. काटा ०.०१ मिमीच्या आत हलला तर छान. ०.०५ दिसलं तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव बोला. नंतर मशीन चालू करून सगळे स्पीड लावायला सांगा. दर फेऱ्याला एकदा 'टक' असा आवाज आला, तर एखाद्या गियरचा दात तुटलाय.

विकणाऱ्याने परवानगी दिली तर जॉब कापून बघा. चकमध्ये रॉड धरा, साधारण सहा इंच बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. दोन टोकांना एकाच सेटिंगवर बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तरी लगेच नकार देऊ नका. मशीन लेव्हलमध्ये नसेल तर बेड पिळला जातो, आणि तो पीळ पायाखाली पॅकिंग देऊन निघतो.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला अर्धा फेरा ढिलाई असेल, तर विकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे! नट बदलला की बॅकलॅश बराच कमी होतो. भाव उतरवायला मात्र ही गोष्ट चांगली.

सोबत काय काय येतं, हे तर माझ्या मते भावाइतकंच महत्त्वाचं. तीन जबड्यांचा ट्रू चक, चार जबड्यांचा डॉग चक, टूल पोस्ट, सेंटर, आणि आटे पाडायचे चेंज गियर. हे गियर बहुतेक वेळा गायब असतात. जुन्या लेथचा लीडस्क्रू बरेचदा इंचातला असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे बरोबर पाडायचे तर १२७ दात्यांचा गियर लागतो. का, तर एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ गुणिले ५ म्हणजे १२७, दशांश चिन्ह जाऊन पहिला पूर्ण आकडा. मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं होतं. ६३ दात्यांवर काम जवळपास भागतं, छोट्या आट्याला फरक जाणवत नाही. पण गियरच नाहीत, तर नवे कापून घ्यायचा खर्च येतो.

नावावर भुलू नका. एचएमटी १९५३ ला बेंगळुरूत सुरू झाली, मैसूर किर्लोस्कर १९४१ ला हरिहरला. दोघांचे लेथ दणकट, त्यामुळे त्यांची पाटी बघून भाव चढतो. पण पाटीचा बेडच्या झिजेशी संबंध नाही. झिजलेल्या एचएमटीपेक्षा कमी वापरलेला बटाला किंवा राजकोटचा साधा लेथ घरच्या कामाला बरा.

भावाची खालची पातळी काढायची युक्ती: वजन गुणिले त्या दिवशीचा बिडाचा भंगार भाव. समजा ५०० किलो आणि किलोला ३५ रुपये, तर १७,५०० रुपये. याच्या खाली कोणी देणार नाही. याच्या वरचे पैसे तुम्ही अचूकपणाचे देताय, म्हणून तो अचूकपणा मोजून घ्या.

आता वीज. मोटर थ्री फेज असेल आणि घरी सिंगल फेज, तर व्हीएफडी लावता येतो. तो २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री फेज देतो. त्यामुळे मोटर डेल्टामध्ये २३० वर चालणारी हवी, हे मोटरच्या पाटीवर बघा. जुना स्टार्टर व्हीएफडी आणि मोटरच्या मधे ठेवायचा नाही. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, यात काटकसर नको.

नेताना लेथचं जास्त वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या बाजूला असतं, म्हणून तो पटकन कलंडतो. चेनपुलीने उचला, छोट्या हत्तीत चारही बाजूंनी बांधा, आणि उचललेल्या मशीनखाली कोणाचाही हात किंवा पाय नको. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अर्धा टन चढवायचा विचारही करू नका. तळमजला हवा, काँक्रीट हवं.

शेवटचं, कागद. बंद पडलेल्या युनिटचं मशीन असेल तर ते बँकेकडे तारण आहे का, ते विचारा. कर्ज फिटल्याचं पत्र आणि मशीन नंबर लिहिलेलं बिल मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, टोकनसुद्धा नाही.

आपला श्रोता दुसऱ्या दिवशी जाऊन आला. त्याचा मेसेज: "दादा, नख अडकलं. कॅरेज पण मधेच जाम झालं. ते काका म्हणाले, एवढं कोणी बघत नाही." त्याने टोकन दिलं नाही. आता तो अंबडला एका शॉपमधला न रंगवलेला लेथ बघायला जातोय, गियर सोबत आहेत म्हणे. या वेळी डायल गेज माझा नेतोय.

पुढच्या एपिसोडमध्ये व्हीएफडीची जोडणी, वायरमनला सोबत बसवून. तुमच्याकडे जुन्या मोटरच्या पाटीचा फोटो असेल तर पाठवा, त्यातूनच उदाहरणं घेऊ.