पहिला डोस नर्सच्या हातून

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर एखाद्या बाईचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्या कामात बिघाड दिसू लागला, तर त्या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याचे मूळ बहुधा वारेत असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातील रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलेल्या वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. रक्तदाब १६०/११० वर पोचला की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. झटके आले, तर आजार एक्लॅम्प्सियाच्या टप्प्यावर गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या विश्लेषणानुसार जगातील मातामृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू गरोदरपणातील उच्च रक्तदाबाशी निगडित होते. त्यांतले बहुतेक टाळता येण्यासारखे असतात.

हे मृत्यू टाळायचे तर आजार पहिल्यांदा कुणाच्या नजरेस पडतो, हे पाहायला हवे. स्त्रीरोगतज्ज्ञ असतो जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी. गरोदर बाईची तपासणी होते उपकेंद्रात, ती करणारी असते आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिकक्षात रात्री दोन वाजता खाटेजवळ उभी असते ती स्टाफ नर्स. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली पोटात दुखणे, लघवी कमी होणे, या तक्रारी बाई सांगते त्या सिस्टरला किंवा आशाताईला. म्हणूनच या आजारावरचा सर्वांत मोलाचा खर्च नर्स आणि सुईणींच्या प्रशिक्षणावरचा म्हणावा लागेल.

प्रशिक्षणाची सुरुवात रक्तदाब मोजण्यापासून होते, आणि खूपशा चुकाही तिथेच होतात. चालून आलेल्या बाईला पाच मिनिटे बसू द्यावे, पाठीला टेका असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, मोजताना बोलणे नको. दंड जाड आणि कफ लहान असेल, तर आकडा खोटाच वर जातो. स्टेथोस्कोपने मोजताना खालचा आकडा आवाज पूर्ण थांबल्यावर धरायचा असतो. बाहेर ५० बायका रांगेत असताना यातले एकेक गळत जाते. आकडे शून्यावर संपवण्याची सवय लागते आणि १३८ चे १३० होतात. कार्डावर महिन्यामागून महिना ११०/७० लिहिलेले दिसले, तर तपासणी खरेच झाली का, याची शंका घ्यायला जागा आहे. प्रशिक्षणात दोघींनी एकाच बाईचा रक्तदाब एकमेकींना न सांगता मोजायचा आणि मग आकडे ताडून पाहायचे, हा साधा सराव फार उपयोगी पडतो. त्याला लघवीच्या पट्टीची जोड लागते. पट्टीचा रंग ठरलेल्या वेळीच डबीवरच्या रंगांशी ताडावा लागतो. उशीर झाला तर निष्कर्ष चुकतो.

झटक्यांवरचे औषध मॅग्नेशियम सल्फेट, प्रसूतिकक्षातल्या बोलीत मॅगसल्फ. ते स्वस्त आणि जुने आहे. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ पासून ते ठरावीक पद्धतीने वापरले आणि त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मात्रा आजही शिकवली जाते. भारतात मात्र बराच काळ मद्रासच्या कृष्ण मेनन यांचे गुंगीच्या औषधांचे मिश्रण आणि डायझेपाम यांचा वापर होत राहिला. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांतील सुमारे १,७०० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुन्हा झटके येण्याचे प्रमाण मॅगसल्फ दिलेल्या गटात डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी होते. २००२ च्या मॅगपाय अभ्यासात ३३ देशांतील १०,००० हून अधिक प्री-एक्लॅम्प्सियाच्या स्त्रिया होत्या. मॅगसल्फमुळे झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून सिद्ध झाले. औषध कोणते, या प्रश्नाचे उत्तर मिळून आता दोन दशके होऊन गेली आहेत. ते बाईपर्यंत वेळेवर पोचवणे हे काम बाकी आहे.

ते वाटते तितके सोपे नाही. ५० टक्के मॅगसल्फच्या २ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते. प्रिचर्ड पद्धतीने पहिली मात्रा १४ ग्रॅमची, म्हणजे १४ अँप्यूल फोडायच्या. त्यांतल्या चार अँप्यूलच्या ८ मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मिसळायचे आणि ते शिरेतून हळूहळू द्यायचे. उरलेले १० ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत पाच-पाच ग्रॅम, खोलवर. समोर बाई झटक्यांनी ताठरलेली, नातेवाईक रडताहेत, अशा वेळी हा हिशेब कागद पाहून करता येत नाही. तो हातात भिनलेला असावा लागतो. शिवाय मॅगसल्फची धास्ती असते. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, हे प्रत्येक नर्सने शाळेत ऐकलेले असते, आणि त्या भीतीने इंजेक्शन न देताच बाईला पुढे पाठवले जाते. चांगले प्रशिक्षण ही भीती दडपत नाही, तिच्यावर उपाय हाती देते. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याचा झटका शाबूत, लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर. यांतले एक जरी कमी पडले, तरी डोस थांबवायचा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये हवे.

मॅगसल्फने झटके थांबतात, पण रक्तदाब आटोक्यात येत नाही, हाही एक धडा आहे. त्यासाठी लॅबेटेलॉल किंवा तोंडाने गिळायची निफेडिपिन लागते. निफेडिपिन जिभेखाली ठेवण्याची जुनी खोड मोडावी लागते, कारण रक्तदाब एकदम कोसळला तर बाळाचा रक्तपुरवठा घटतो.

झटका आल्यावर काय करू नये, हेही शिकवावेच लागते. घरची मंडळी कांदा किंवा चप्पल हुंगवतात, दातांत चमचा कोंबतात, बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेतात. नर्सने मदतीला हाक मारायची, बाईला डाव्या कुशीवर वळवायचे, तोंडातला स्राव काढून श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, ऑक्सिजन लावायचा आणि मॅगसल्फ भरायला घ्यायचे. यात कुणी काय करायचे, हे आधी ठरलेले हवे. म्हणून आता तीन दिवस व्याख्याने ऐकवून प्रमाणपत्र देण्याऐवजी प्रसूतिकक्षातच थोडा-थोडा, पण वारंवार सराव घेण्याकडे कल आहे. एकजण रुग्ण होते, एकजण हाक मारते, एकजण अँप्यूल फोडते, आणि संपल्यावर कुठे वेळ गेला यावर सगळ्या बोलतात. लहान केंद्रात एक्लॅम्प्सियाची बाई वर्षात एखादीच येते. सरावाशिवाय हात विसरतात.

कौशल्याबरोबर अधिकारही द्यावा लागतो. भारत सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमला रुग्ण पुढे पाठवण्याआधी स्नायूंतून १० ग्रॅमचा पहिला डोस देण्याची मुभा दिली. हा निर्णय फार महत्त्वाचा होता, कारण दुर्गम पाड्यावरून जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंतचे तास त्या डोसने सुरक्षित होतात. २०१५ मध्ये प्रसूतिकक्षातील कौशल्यांसाठी ‘दक्षता’, २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हे कार्यक्रम आले, आणि २०१८ मध्ये नर्सना १८ महिन्यांचे प्रशिक्षण देऊन मिडवाइफ घडवण्याचे धोरण जाहीर झाले. तरीही ट्रे रिकामा असेल, किंवा डॉक्टर येईपर्यंत हात लावू नकोस असे वरिष्ठच बजावत असतील, तर शिकलेले वाया जाते.

नुसत्या प्रशिक्षणाची मर्यादा महाराष्ट्राच्या सीमेलगतच दिसून आली. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, तसेच पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये ‘क्लिप’ नावाचा मोठा अभ्यास झाला. आशा आणि एएनएम यांनी घरोघरी रक्तदाब मोजायचा, गरज पडल्यास मिथाइलडोपा आणि मॅगसल्फ द्यायचे आणि बाईला रुग्णालयात पाठवायचे, अशी योजना होती. गावातील कार्यकर्त्या हे काम सुरक्षितपणे करू शकतात, हे दिसले. एकूण मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती मात्र लक्षणीय घटल्या नाहीत. ज्या स्त्रियांची आठ किंवा अधिक वेळा भेट झाली, त्यांच्यात फायद्याची चिन्हे होती. तपासण्या पुरेशा झाल्या नाहीत आणि पुढच्या रुग्णालयात उपचार तयार नसले, तर गावातल्या नर्सचे कौशल्य एकटे पुरे पडत नाही.

बाळंतपणाने हा आजार लगेच संपतो असेही नाही. झटके प्रसूतीनंतर काही दिवसांनीही येऊ शकतात. म्हणून मॅगसल्फ प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे उशिरा असेल तेव्हापासून, २४ तास चालू ठेवतात. घरी गेलेल्या बाईचा रक्तदाब पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजावा लागतो. बहुतेकींची घरभेट बाळाच्या वजनापुरती उरते, त्यामुळे आशा आणि एएनएमच्या प्रशिक्षणात आईचा दंडही तपासायचा, हे स्वतंत्रपणे शिकवतात. पुढच्या गरोदरपणात तिला १२ व्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिनची अल्प मात्रा सुरू करता यावी, यासाठी या आजाराची नोंद तिच्या कार्डावर ठळक करून ठेवणे हेही नर्सचेच काम असते.